कार्बनचे चार हात



दहावीच्या विज्ञानात कार्बनी संयुगांचा धडा आला की बरीच मुले नावे आणि सूत्रे घोकत बसतात. चार दिवसांत प्रोपेन कोणता, ब्युटेन कोणता याचा गोंधळ होतो. ‘विज्ञान आपल्याला जमायचे नाही’ असे मन घेते आणि अकरावीला विज्ञान शाखेकडे पाऊल वळत नाही. खरे पाहता येथे पाठांतर थोडे आणि मोजणी जास्त आहे.

गोसीखुर्दपासूनच सुरुवात करू. वैनगंगेवरील या धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली. अशा मोठ्या जलाशयात गवत, झुडपे, पालापाचोळा बुडून तळाशी कुजतो. नागपूरचे सांडपाणीही नाग नदीतून कन्हानमार्गे वैनगंगेत आणि पुढे येथेच येते. तळाच्या गाळात प्राणवायू पोचत नाही, तेव्हा तिथले सूक्ष्मजीव मिथेन वायू तयार करतात. गोबरगॅसमधला जळणारा वायूही हाच. मिथेन हा सर्वांत साधा हायड्रोकार्बन, म्हणजे फक्त कार्बन आणि हायड्रोजन यांचे संयुग.

नियम एकच लक्षात ठेवा. कार्बनला ४ हात, हायड्रोजनला १ हात, आणि एकही हात रिकामा राहता कामा नये.

उदाहरण १ : प्रोपेनमध्ये ३ कार्बन एका ओळीत आहेत, तर हायड्रोजन किती? प्रत्येक कार्बनच्या वर एक व खाली एक, म्हणजे ६. दोन्ही टोकांना एकेक, म्हणजे आणखी २. एकूण ८. याच रीतीने ४ कार्बनच्या ब्युटेनमध्ये १०.

उदाहरण २ : २ कार्बन आणि ४ हायड्रोजन असतील तर? नियमाप्रमाणे ६ हवेत, २ कमी पडले. म्हणून दोन्ही कार्बननी आपसात दोन हात धरले आहेत. हा दुहेरी बंध झाला, संयुग असंपृक्त, नाव इथीन. तणसात ठेवलेले आंबे पिकतात ते फळांतून निघणाऱ्या याच वायूने.

उदाहरण ३ : सिलिंडरचा गॅस गळला तर वर जाईल की खाली? कार्बन १२, हायड्रोजन १ धरा. प्रोपेन ३६ अधिक ८, म्हणजे ४४. ब्युटेन ४८ अधिक १०, म्हणजे ५८. हवेची सरासरी सुमारे २९. सिलिंडरमध्ये मुख्यतः हेच दोन वायू असतात, म्हणून गळलेला गॅस जमिनीलगत साचतो. वास आला की रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा. काडी ओढू नका आणि विजेच्या बटणाला हात लावू नका, चालूही नको, बंदही नको.

उदाहरण ४ : प्रोपेनचा १ रेणू पूर्ण जळायला ऑक्सिजनचे किती रेणू लागतात? ३ कार्बनपासून कार्बन डायऑक्साइडचे ३ रेणू होतात, त्यांना ६ ऑक्सिजन अणू. ८ हायड्रोजनपासून पाण्याचे ४ रेणू, त्यांना ४ अणू. एकूण १० अणू, म्हणजे ५ रेणू. बंद खोलीत एवढा ऑक्सिजन मिळाला नाही तर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, पण तो जीव घेतो. ज्योत पिवळी दिसली, भांड्याला काजळी धरली, तर ज्वलन अपुरे आहे असे समजा. दार उघडा आणि शेगडी दुरुस्त करून घ्या.

२०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेमुळे खेड्यापाड्यांतल्या पुष्कळ घरांत सिलिंडर पोचला. त्याच्या सुरक्षिततेचा हिशेब दहावीच्या वहीत आहे. तो सोडवणाऱ्या मुलीला ‘आधी चूल बघ’ म्हणून उठवू नका. ती चुलीचेच गणित करते आहे.

घरचा अभ्यास : ५ कार्बनच्या पेंटेनमध्ये हायड्रोजन किती? तो पूर्ण जळायला ऑक्सिजनचे किती रेणू लागतील? उत्तर काढा आणि ते का आले, हे आईला समजावून सांगा. तिला पटले तर तुम्हाला धडा समजला.