पानात शिल्लक नको

माघ शुद्ध चतुर्दशीची तिथी. सायंकाळचे पाच वाजत आले होते. तालुक्याच्या गावातील एका धान्यव्यापाऱ्याच्या घरी दोन पाहुणे अनपेक्षितपणे आले. दोघांनाही चौविहार, हाताशी जेमतेम सव्वा तास. तिथीमुळे हिरवी भाजी, कोथिंबीर, मिरची, टोमॅटो सारेच वर्ज्य. त्यातच त्या वर्षी दुकानाची येणी अडकलेली आणि घरखर्चाला कात्री लागलेली. नातसून स्वयंपाकघरात येऊन हलक्या आवाजात म्हणाली, "आजी, घरात काहीच नाही. पाहुण्यांना काय वाढू?"

आजींनी फळीवरील डब्यांवरून नजर फिरवली. "भरल्या डब्यांसमोर असे म्हणू नये, बेटा. आधी डबे तर उघड."

दिवाळीनंतर लाटलेल्या मुगाच्या पापडांच्या डब्यात तळाशी तुकडे उरले होते. मेथीदाणे उकळून त्यांचे पहिले कडू पाणी आजींनी काढून टाकले आणि दुसऱ्या पाण्यात ते मऊ शिजवले. जिरे, हिंग, हळद व सुक्या मिरचीची फोडणी, थोडा गूळ, चिमूटभर आमचूर आणि उतरवण्यापूर्वी दोन मिनिटे पापडाचे तुकडे. आधी घातले तर त्यांचा लगदा होतो. पापडात मूळचेच मीठ असते, म्हणून मीठ चव पाहून अगदी शेवटी. दुसऱ्या चुलीवर बेसनाचे गट्टे उकडले गेले आणि ज्या पाण्यात ते उकडले, त्याच पाण्याचा रस्सा झाला. त्या पाण्यात बेसनाचा अंश उतरलेला असल्याने रस्सा आपोआप दाट होतो. जोडीला बाजरीची भाकरी, मुगाची खिचडी आणि कणीक तुपात भाजून केलेली गूळपापडी. बाजारातून एकही जिन्नस आला नाही. सूर्यास्ताला दहा मिनिटे असताना पाहुण्यांनी थाळ्या धुऊन ते पाणी प्यायले आणि हात जोडले. एकाने तर मेथी-पापडाची भाजी दोनदा मागून घेतली होती.

रात्री नातसुनेने मनातली सल बोलून दाखवली. "आजी, तुम्ही वेळ निभावलीत. पण तुकड्यांची भाजी वाढताना मला फार संकोच वाटला."

आजी 1972 साली या घरात नवी सून म्हणून आल्या, तेव्हा महाराष्ट्रात भीषण दुष्काळ होता. माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडत होती, सुकडी आणि लाल मिलो खाऊन दिवस काढत होती. धान्याच्या या दुकानातही धान्य उरले नव्हते. एके दिवशी जवळच्या खेड्यातला एक शेतकरी डोक्यावर पोते घेऊन आला. दुकानाच्या वहीत त्याच्या नावे बाकी निघत होती. त्याच्या पेवात थोडी बाजरी शिल्लक होती. तीतली चार पायल्या त्याने ओट्यावर ओतली. आजींच्या सासऱ्यांनी त्याचे खाते तिथेच चुकते केले. त्या रात्री भाकरी मोडताना ते म्हणाले, "वहीत तो आपला देणेकरी होता. आज आपण त्याचे देणेकरी झालो. हे देणे कोणत्या पानावर लिहू?"

"तेव्हापासून," आजी म्हणाल्या, "माझ्या हातून दाणा टाकला जात नाही. तो कोणी आणला, हे आठवते."

जीवांचा एकमेकांवर उपकार असतो, हे तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायात सांगितले आहे. व्यापारी माणसाला आपण जगाला पुरवतो असे सहज वाटू लागते. प्रत्यक्षात शेतकरी, हमाल, गाडीवान, गिरणीवाला अशा अनेकांच्या श्रमांवर त्याचे पान वाढले जाते. या जाणिवेतून केलेली काटकसर ही कृतज्ञतेचे रूप आहे. बारा तपांमध्ये ऊनोदरीला स्थान आहे, तेही भुकेपेक्षा दोन घास कमी घेण्यासाठी. दुसऱ्याच्या पानात दोन घास कमी वाढण्यासाठी नव्हे. आपल्या गरजा आवरणे ही काटकसर. दुसऱ्याच्या वाट्याला कात्री लावणे हा कृपणपणा. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून हा भेद घरातील मोठ्यांनी लहानांना सांगायला हवा.

अहिंसेचाही येथे संबंध आहे. गरजेपेक्षा अधिक साठवलेल्या धान्यात व पिठात किडे होतात. मग तो साठा निवडताना वा टाकताना जी हिंसा घडते, तिचे मूळ आपल्या हव्यासात असते. म्हणून डब्यावर भरल्याची तारीख लिहावी, जुने आधी संपवावे, पीठ थोडे थोडे दळून आणावे आणि पावसाळ्यात साठा आणखी कमी ठेवावा. पानात तेवढेच घ्यावे, जेवढे संपेल. उष्ट्या अन्नात 48 मिनिटांनंतर संमूर्च्छिम जीवांची उत्पत्ती होते, असे शास्त्र सांगते. थाळी धुऊन पिण्याच्या रीतीमागे हाच विचार आहे. वहीत शिल्लक असावी, पानात नसावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी नातसुनेने सर्व डबे उतरवून पाहिले आणि महिन्याच्या किराण्याची यादी पुन्हा लिहिली. बारा जिनसांपैकी सात तिने खोडले. ते घरात होतेच. यादी तिने आजींना वाचून दाखवली. आजींनी मान डोलावली, पण खोडलेला एक जिन्नस त्यांनी पुन्हा लिहायला सांगितला.

"हमालांच्या चहाची साखर. ती पूर्वीइतकीच येऊ दे."