बापाची हार, लेकाच्या खांद्यावर

मैत्रिणींनो, बेसबॉल हा काही आपल्या अंगणातला खेळ नव्हे. बॅट आणि चेंडू यातही असतात, पण फटका मारल्यावर चौकोनाचे चार कोपरे फिरून परत यायचं असतं. त्या शेवटच्या कोपऱ्याला ते ‘होम’, म्हणजे घरच म्हणतात! अमेरिकेत बाप लेकाला पहिल्यांदा झेल घ्यायला शिकवतो तो याच खेळात. म्हणून तिकडच्या लेखकांना बापलेकांबद्दल लिहायचं झालं की बेसबॉल हमखास आठवतो. अशा तीन गोष्टी आज तुम्हांला सांगते. तिन्हींत प्रश्न एकच आहे : हार पचवायला शिकायचं कुणी, मुलानं की बापानं?

पहिली गोष्ट ‘द बॅड न्यूज बेअर्स’ या १९७६ च्या चित्रपटातली. शाळकरी मुलांच्या संघांचा अंतिम सामना आहे. एका संघाचा शिक्षक बाप आणि चेंडू टाकणारा त्याचाच मुलगा. ईर्ष्येच्या भरात मुलगा समोरच्याच्या डोक्याच्या रोखानं चेंडू फेकतो. बाप तरातरा मैदानात जातो आणि सगळ्यांदेखत त्याच्या थोबाडीत मारतो. रागावणं चुकीचं नव्हतं हो, कुणाचं डोकं फुटलं असतं. पण जिंकण्याचा ध्यास मुलाला लावला कुणी? पुढचा चेंडू मुलाच्या हातात येतो, तेव्हा तो नुसता धरून उभा राहतो. समोरचा चारही कोपरे फिरून येतो. मग मुलगा तो चेंडू बापाच्या पायाशी टाकतो आणि आईबरोबर मैदानातून निघून जातो.

दुसरी गोष्ट म्हणजे ऑगस्ट विल्सन यांचं ‘फेन्सेस’ हे नाटक. १९८७ साली त्याला पुलित्झर पारितोषिक मिळालं आणि २०१६ साली त्यावर चित्रपटही निघाला. काळ आहे १९५७ चा, गाव पिट्सबर्ग. ट्रॉय हा कचरा उचलणारा कामगार, पण तरुणपणी बेसबॉलचा पट्टीचा खेळाडू. कातडी काळी म्हणून मोठ्या संघांचं दार त्याला बंद होतं. १९४७ साली जॅकी रॉबिन्सन त्या दारातून आत गेला, तोवर ट्रॉयची चाळिशी उलटली होती. आता त्याच्या मुलाला, कोरीला, फुटबॉलच्या जोरावर कॉलेजात जायची संधी आलेली. ट्रॉय साफ नाही म्हणतो. काळ बदललाय, असं त्याची बायको रोझ परोपरीनं सांगते, पण व्यर्थ! यात माया किती आणि जुनी सल किती, हे ट्रॉयलाही सांगता आलं नसतं. पुढे बाप वारल्यावर कोरी अंत्यविधीला जायला तयार नसतो. रोझ नवऱ्याचे दोष झाकत नाही, पण बापाचा अनादर करून कुणी मोठा होत नाही, हे मुलाला ठणकावून सांगते.

तिसरी गोष्ट डब्ल्यू. पी. किन्सेला यांच्या १९८२ च्या ‘शूलेस जो’ या कादंबरीवरून १९८९ साली निघालेल्या ‘फील्ड ऑफ ड्रीम्स’ या चित्रपटाची. जो जॅक्सन हा खराखुरा खेळाडू. १९१९ ची मोठी स्पर्धा पैसे घेऊन हरल्याचा आरोप शिकागोच्या आठ जणांवर झाला, त्यांतला तो एक. १९२१ साली ज्यूरीनं त्यांना निर्दोष सोडलं, तरी खेळातून कायमची हकालपट्टी झालीच. जो १९५१ साली गेला आणि बंदी उठली ती २०२५ साली! चित्रपटातल्या रे या शेतकऱ्याच्या बापाचं हे दैवत. तुमचं दैवत गुन्हेगार आहे, असं बापाला तोडून बोलून रे घर सोडतो. माफी मागायची राहते आणि बाप जातो. पुढे रे उभ्या मक्यावर नांगर फिरवून मैदान करतो. शिल्लक संपते, शेत जायची वेळ येते, पण हिशेब ठाऊक असूनही त्याची बायको ॲनी पाठीशी उभी राहते. शेवटी त्या मैदानात तरुण रूपात बाप येतो आणि दोघं नुसते चेंडू झेलत राहतात. हार नाही, जीत नाही.

पाहिलंत ना? खिलाडूवृत्ती शिकवायला निघालेल्या बापाचीच जुनी हार मुलाच्या खांद्यावर बसलेली असते. आणि दोघांच्या मध्ये उभी असते घरातली बाई.

तेव्हा मुलगा सामना हरून आला की आधी पानं घ्या. ‘किती काढल्यास?’ हा प्रश्न जेवण होईपर्यंत कुणालाच विचारू देऊ नका, घरातल्या वडीलधाऱ्यांनाही नाही. आणि एखाद्या निवांत संध्याकाळी ‘ह्यांना’ त्यांच्या लहानपणी हुकलेल्या सामन्याबद्दल हलकेच विचारा. मुलगा जवळ बसलेला असू द्या. बाबाही हरले होते, हे त्यानं त्यांच्याच तोंडून एकदा ऐकावं. दहा उपदेशांपेक्षा ते अधिक लागू पडतं.