सवयीची खुंटी

ज्येष्ठ रुग्णांना मी एक प्रश्न नेमाने विचारतो : “रोज चालता का?” पुष्कळदा उत्तर येते, “चालायचो, पण हल्ली सुटलं.” ते कधी सुटले याचा शोध घेतला, तर त्यामागे आजार असतोच असे नाही. बरोबर चालणारा मित्र मुलाकडे परगावी गेलेला असतो, देवळाशेजारचे जुने घर सोडून लिफ्टच्या इमारतीत यावे लागलेले असते, किंवा जोडीदाराचे निधन झालेले असते. चालणे ज्या खुंटीला टांगलेले होते ती खुंटीच निखळली, म्हणून चालणे खाली पडले.

सवय केवळ निश्चयावर उभी राहते, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात ती एखाद्या ठरलेल्या खुणेवर उभी असते. ठरावीक वेळ, ठरावीक जागा किंवा आधीचे एखादे काम ही खूण मेंदूला पुढची कृती सुचवते आणि पुनरावृत्तीने ती कृती विचार न करता घडू लागते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील संशोधक फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 96 स्वयंसेवकांवर याचा अभ्यास केला. रोजच्या एखाद्या प्रसंगाला जोडलेली नवी कृती अंगवळणी पडण्यास सरासरी सुमारे 66 दिवस लागतात, असे त्यांना आढळले. कुणाचे काम 18 दिवसांत भागले, तर कुणाला 254 दिवस लागतील असा अंदाज निघाला. तेव्हा ‘एकवीस दिवसांत सवय लागते’ या लोकप्रिय समजुतीवर विसंबून बाविसाव्या दिवशी निराश होण्याचे कारण नाही. एखादा दिवस चुकल्याने घडी फारशी विस्कटत नाही, हेही त्याच अभ्यासात दिसले.

खुंटी निखळली की काय होते, याचे एक उदाहरण सांगतो. साताऱ्याहून पुण्यास मुलाकडे राहावयास आलेल्या सत्तरीच्या एका गृहस्थांचा, वर्षानुवर्षे आटोक्यात असलेला रक्तदाब काही महिन्यांत बराच चढला. औषधाची मात्रा वाढवावी काय, असा प्रश्न होता. त्याआधी घरातील गोळ्या मोजून पाहावयास सांगितले, तेव्हा निम्म्याहून अधिक शिल्लक निघाल्या. गावी असताना त्यांच्या पत्नी सकाळच्या चहाच्या बशीतच गोळी ठेवीत असत. त्या गेल्या, नव्या घरात चहा ज्याचा त्याने आपल्या सवडीने घ्यायचा, अशी रीत. गोळीची आठवण करून देणारे काही उरलेच नव्हते. मात्र एक गोष्ट साताऱ्याची तशीच पुण्यात आली होती : सकाळी चष्मा लावून वर्तमानपत्र उघडणे. सूनबाईंनी सात वारांच्या सात कप्प्यांची डबी चष्म्याच्या घराशेजारी ठेवली. मात्रा वाढवावी लागली नाही.

आपल्या परंपरेला हे सूत्र अपरिचित नाही. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’तील सूत्रस्थानाचा दुसरा अध्याय दिनचर्येवरच आहे. घरोघरी चालत आलेल्या आचारांतही आरोग्याच्या खुंट्या आयत्या सापडतात.

पहिली खुंटी सकाळी जाग आल्यावरची. अनेक घरांत अंथरुणातच बसून करदर्शन करण्याची रीत आहे. वाढत्या वयात, विशेषतः रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या काही औषधांमुळे, एकदम उभे राहिल्यास रक्तदाब घसरून भोवळ येते. पहाटे स्वच्छतागृहाकडे जाताना पडणे आणि खुब्याचे हाड मोडणे यांमागे हे एक कारण असते. म्हणून करदर्शन पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून, सावकाश करावे. ज्यांना श्लोक म्हणायचा नसेल त्यांनी घोटे दहा वेळा वर-खाली करावेत. मिनिटभराने आधार धरून उभे राहावे, क्षणभर थांबावे आणि मगच पाऊल टाकावे.

दुसरी खुंटी चहाची. चहाला उकळी येईपर्यंत शेजारी ठेवलेल्या भक्कम, न घसरणाऱ्या खुर्चीतून पाच वेळा उठावे-बसावे. मांड्यांची ताकद यानेच टिकते. जमल्यास ओट्याची कड धरून एका पायावर काही क्षण उभे राहावे; हात ज्योतीपासून आणि पातेल्यापासून दूर असावेत. पूर्वी पडलेल्यांनी किंवा तोल जाणाऱ्यांनी हे स्वयंपाकघरात न करता डॉक्टरांना विचारून, जवळ कुणी असतानाच करावे. येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे : चहाची खुंटी सर्वच औषधांना चालत नाही. थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि त्यानंतर चहा-नाश्त्यास अर्धा ते एक तास थांबावे.

तिसरी खुंटी दिवेलागणीची. सांजवात लावण्यापूर्वी हातपाय धुण्याची आपली पद्धत आहे. मधुमेहींनी त्याच वेळी बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात आणि तळवे न्याहाळावेत. वाकणे जमत नसेल तर हातआरशाचा उपयोग करावा किंवा घरच्यांना पाहावयास सांगावे. मधुमेहात पायाची संवेदना मंदावते. खडा रुतला, चप्पल चावली तरी कळत नाही, आणि दुर्लक्षित जखम चिघळून बोट किंवा पाय गमावण्याची पाळी येऊ शकते. दोन मिनिटांच्या या नेमाने जखम वेळीच लक्षात येते.

आता काळजीवाहकांसाठी. प्रेमापोटी आपण ज्येष्ठांच्या हातातली सारी कामे काढून घेतो. देवपूजेची फुले आपण आणतो, तुळशीला पाणी आपण घालतो, दूध आपण तापवतो. आई-बाबांना विश्रांती मिळाली असे वाटते. परंतु त्या कामाबरोबर दिवसाची एक खुंटीही आपण उपटलेली असते. काम सुरक्षित असेल तर वेळ अधिक लागला तरी ते त्यांच्याकडेच राहू द्यावे. आईवडिलांना आपल्या घरी आणताना कपड्यांच्या आधी त्यांच्या दिवसाची यादी करावी : केव्हा उठतात, चहा कुठे बसून घेतात, कशानंतर काय करतात. त्यांतील शक्य तितके नव्या घरी जसेच्या तसे उभे करावे. स्मृतिभ्रंश असलेल्यांना याचा विशेष आधार होतो. घटना आठवत नसल्या तरी रोजचा क्रम हातांना पुष्कळदा ठाऊक असतो.

नवी सवय एका वेळी एकच घ्यावी आणि ती हास्यास्पद वाटावी इतकी लहान असावी. अर्ध्या तासाच्या फेरीऐवजी आरंभी फाटकापर्यंत जाऊन येणेही पुरे. लग्नकार्य, दुखणे, प्रवास यांत खंड पडला तर दुसऱ्या दिवशी त्याच खुंटीपाशी परत यावे. चुकलेल्या चालण्याची भरपाई नको, आणि चुकलेल्या गोळीची तर मुळीच नको. डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज दोन गोळ्या एकदम घेऊ नयेत.

पुढील तपासणीस येताना औषधांच्या चिठ्ठीबरोबर आपल्या दिवसाची यादीही आणावी. औषधाची वेळ तीवरून ठरवणे डॉक्टरांनाही सोपे जाईल.