सिस्टरांची झडती कशासाठी?

विमान चालविणाऱ्याची तपासणी होते, मग इंजेक्शन देणाऱ्या नर्सची का होऊ नये, असा प्रश्न हल्ली चांगल्या सुशिक्षित मंडळींच्या तोंडून ऐकू येतो. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने जानेवारी २०२२ च्या अखेरीपासून वैमानिक व हवाई नियंत्रक यांची अमली पदार्थांसाठी अचानक तपासणी सुरू केली, हे खरे आहे. अमेरिकेत तर १९८६ साली राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी सरकारी कर्मचाऱ्यांसाठी काढलेल्या आदेशानंतर लघवीची बाटली ही अनेक ठिकाणी नोकरीची पहिली पायरीच होऊन बसली. हीच प्रथा मुरबाड-शहापूरसारख्या तालुक्यांतील रुग्णालयांत व मिशनच्या दवाखान्यांतही यावी, असे सुचविणाऱ्यांना आमचा विरोध आहे.

प्रथम गैरसमज दूर करू. आम्ही गांजाची वकिली करीत नाही. व्यसनी पदार्थांचे सेवन हा गंभीर अपराध आहे, उपचारापुरताच त्याला अपवाद, ही ख्रिस्तसभेची शिकवण १९९२ च्या धर्मशिक्षण-ग्रंथात नमूद आहे. जून २०१४ मध्ये पोप फ्रान्सिस यांनीही तथाकथित सौम्य अमली पदार्थांना कायदेशीर मान्यता देण्यास स्पष्ट विरोध केला. नशेत असलेल्या हातांनी इन्सुलिनची मात्रा मोजली जाऊ नये, याविषयी दुमत असण्याचे कारणच नाही. प्रश्न एवढाच की, ही बाटली ते धोक्याचे हात ओळखते काय?

आमचे उत्तर नकारार्थी आहे. लघवीची तपासणी नशा मोजीत नाही. गांजा शरीरातून बाहेर पडताना मागे राहणारे अवशेष ती शोधते. क्वचित सेवन करणाऱ्याच्या लघवीत हे अवशेष काही दिवस, तर नेहमी ओढणाऱ्याच्या लघवीत काही आठवडेही राहतात. उलट रात्रभर दारू ढोसलेला माणूस दुसऱ्या दिवशी रात्रपाळीला येईतो बहुधा सुटलेला असतो. १९८५ च्या कायद्याने गांजाचे शेंडे निषिद्ध ठरविले, मात्र त्याच झाडाची नुसती पाने व्याख्येबाहेर ठेवली. तपासणीच्या पट्टीला हा भेद कळत नाही. होळीला भांगेची ठंडाई घेतलेली आणि चिलीम ओढणारी, दोघी तिच्या लेखी सारख्याच. त्याहून विपरीत म्हणजे आम्लपित्तावर घरोघरी घेतल्या जाणाऱ्या पॅन्टोप्राझोल गोळीमुळेही ही प्राथमिक चाचणी कधीकधी खोटी ‘होकारार्थी’ येऊ शकते. रात्रपाळीत उपाशीपोटी चहावर राहणाऱ्या किती नर्सेस ही गोळी घेतात, हे कोणत्याही वॉर्डात विचारून पाहावे.

आणि जो धोका रुग्णालयाच्या भिंतीआड खरोखर संभवतो, त्याचे काय? नर्सच्या हाती औषधांच्या कपाटाची किल्ली असते. व्यसनाची ओढ लागली तर तिला चिलमीच्या शोधात बाजारात जाण्याची गरज नसते. वेदनाशामक इंजेक्शनांचा साठा जवळच असतो. परंतु पेथिडीन आणि फेंटॅनिल ही इंजेक्शने अफूवर्गीय पदार्थांच्या साध्या पट्टीत सहसा सापडत नाहीत. म्हणजे मागच्या आठवड्यातला गांजा पकडायचा आणि आजच कपाटातून गेलेली कुपी सोडून द्यायची, असा हा पहारा! प्रत्येक पाळीच्या अखेरीस दोघींनी मिळून कुप्या मोजाव्यात आणि वहीत सह्या कराव्यात, या जुन्या शिस्तीने रुग्णाचे अधिक रक्षण होते.

आता नशेहून मोठ्या गोष्टीकडे वळू. डॉसन आणि रीड या संशोधकांनी १९९७ साली ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले की, सलग १७ तास जागा राहिलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकाच चुका करू लागतो. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे ज्या अवस्थेत पोलीस गाडी चालवू देणार नाहीत, त्या अवस्थेत आपण परिचारिकेला दुसरी पाळी करावयास लावतो आणि तिने नकार दिला तर तिला सेवाभाव नाही असे म्हणतो. ही झोप मोजणारी बाटली कोणी का मागत नाही? कारण तिचा निकाल नर्सच्या नव्हे, व्यवस्थापनाच्या विरोधात जाईल.

मुरबाड आणि शहापूरचे चित्र डोळ्यांपुढे आणा. सरकारी निकषानुसार डोंगराळ व आदिवासी भागात ३,००० लोकवस्तीमागे एक उपकेंद्र असावे. त्या केंद्राचा भार मुख्यतः एका नर्सबाईच्या खांद्यावर. लसीकरण तिने करावयाचे, कातकरी-ठाकरांच्या पाड्यांवर गरोदर बाईचा रक्तदाब तिनेच पाहावयाचा. अडलेली बाळंतीण उल्हासनगर किंवा कळव्याकडे पाठविण्याचा निर्णयही अनेकदा तिच्यापासूनच सुरू होतो. आणि तो कळव्याचा दवाखाना तरी किती भार सोसणार? ऑगस्ट २०२३ मध्ये तेथे एका दिवसात १८ रुग्ण दगावले, तेव्हा ताणाखाली मोडलेली व्यवस्था साऱ्या महाराष्ट्राने पाहिली. अशा ठिकाणी एका पट्टीच्या रंगावरून नर्सला निलंबित केले, तर त्या रात्री पाड्यावरच्या बाळंतिणीकडे कोण जाणार? पुढे निकाल खोटा ठरला, तरी गावात उठलेली आवई कोण परत घेणार?

अमेरिकेचे अनुकरण करणाऱ्यांनी तेथील पुढची पाने वाचावीत. अपघाताने हातपाय लुळे पडलेल्या कोलोराडोतील एका कर्मचाऱ्याने डॉक्टरांच्या परवान्याने, कामाच्या वेळेबाहेर गांजा घेतला. कामावर तो नशेत होता असा आरोप नव्हता, तरी त्याची नोकरी गेली आणि २०१५ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही त्याच्या विरुद्ध निकाल दिला. याउलट १ जानेवारी २०२४ पासून कॅलिफोर्निया राज्याने अशा निष्क्रिय अवशेषांवरून बहुतेक कर्मचाऱ्यांना शिक्षा करण्यास मनाई केली. ज्यांनी ही प्रथा जगाला शिकविली, त्यांच्यातलेच काही जण ती आता सोडू लागले आहेत.

मग आम्हाला काय हवे? वागण्यात, बोलण्यात, औषधांच्या हिशेबात ठोस संशय दिसला, तर दोन वरिष्ठांनी तो लेखी नोंदवावा आणि मगच तपासणी करावी. पट्टीचा निकाल प्रयोगशाळेच्या पक्क्या चाचणीने पडताळल्याखेरीज कोणावरही कारवाई होऊ नये. नियम करावयाचाच तर तो डॉक्टरांना आणि व्यवस्थापकांनाही लागू असावा. आणि व्यसन सिद्ध झाले तर पहिले पाऊल उपचाराचे असावे. अमली पदार्थांच्या कायद्याचे ६४-अ हे कलम स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यातून सूट देते. सरकारी कायद्याला जी दया सुचली, ती मिशनच्या दवाखान्याला सुचू नये काय? फादर ज्यो परेरा यांनी १९८१ साली वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये ‘कृपा फाउंडेशन’ सुरू केले ते व्यसनी हा रुग्ण आहे, या श्रद्धेने. ही वाट आपल्याच घरातून निघालेली आहे.

आपल्या धर्मग्रामातील कुटुंबांनाही आम्ही दोन शब्द सुनावू इच्छितो. लग्नाच्या मांडवात बाटल्यांची रांग लावणाऱ्यांनी गांजाच्या नावाने नाक मुरडावे, हे शोभत नाही. नर्सिंगला मुलगी घालताना परदेशच्या पगाराचा हिशेब आपण करतो. पण इथल्या छोट्या खाजगी दवाखान्यात राबणाऱ्या नर्सला काय मिळते, हे विचारीत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने ५० खाटांहून लहान खाजगी रुग्णालयांतही दरमहा किमान २०,००० रुपये वेतनाची शिफारस केली. ज्या संस्थांच्या कारभारात आपल्या माणसांचा शब्द चालतो, तेथे ती पाळली जाते काय, हे चर्चच्या सभांत विचारले गेले पाहिजे.

दयाळू शोमरोनी जखमी वाटसरूला उतारशाळेत ठेवून नुसता निघून गेला नाही. शुश्रूषेसाठी त्याने उतारशाळेच्या मालकाला पैसे दिले आणि अधिक खर्च झाल्यास तोही भरीन, असे वचन दिले. त्या मालकाची झडती मात्र त्याने घेतली नाही. मराठी माणूस धर्मभगिनीला आणि परिचारिकेला एकाच ‘सिस्टर’ या नावाने हाक मारतो. ज्यांना बहीण म्हणावयाचे, त्यांच्याकडे बाटली मागण्यापूर्वी त्यांची झोप, त्यांचा पगार आणि त्यांची इभ्रत यांचा हिशेब आपण चुकता केला पाहिजे.