जवारी गेली म्हणून तंबोरा मेला काय ?

वर्धा, हिंगणघाट, आर्वी या बाजूच्या जुन्या घरांतून गवसणी घालून कोपऱ्यांत उभा केलेला तंबोरा अद्याप कोठें कोठें दृष्टीस पडतो. चौकशी करावी तों ‘त्याचा आवाज केव्हांच गेला’ हें ठराविक उत्तर मिळतें, आणि गाण्याला विजेची पेटी पुढें येते. या उत्तराविरुद्ध आमची तक्रार आहे. भोपळा शाबूत, दांडी सरळ, तबली न तडकलेली, असें असतां आवाज जाईल कोठें ? झिजली आहे ती फक्त घोडी.

तंबोऱ्याची तार घोडीच्या धारेवर टेकत नाहीं. किंचित् उतरत्या रुंद पाठीवरून ती चाटून जाते, आणि कंप पावतांना तिचा टेकण्याचा बिंदु क्षणोक्षणीं मागेंपुढें सरकतो. तार जेथें छेडावी तेथें ज्या उपस्वराचा स्थिरबिंदु पडतो तो उपस्वर नियमाप्रमाणें उमटूं नये. या घोडीवर तोहि स्पष्ट ऐकूं येतो, हें चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं 1921 सालींच आपल्या तंतुवाद्यांवरील निबंधांत दाखविलें. अशा पाठीला वर्षानुवर्षांच्या घर्षणानें चरे पडले, कीं तार त्यांत रुतते. मग सूत कितीहि सरकवा, नाद मुकाच राहतो.

पियानोचें दुखणें याच जातीचें. हातोड्यांवरचा नमदा तारांवर आपटून आपटून खाचतो, कठीण होतो, व स्वर पत्र्यासारखा वाजूं लागतो. जाणता कारागीर नमदा घासून त्याला पुन्हां गोलाई देतो आणि सुया टोंचून तो मऊ करितो. तेवढ्यासाठीं शहाणा मालक पियानो मोडींत काढीत नाहीं. आम्ही मात्र तंबोरा काढतों !

पेटी उतरत नाहीं, प्रवासांत सोयीची पडते, हें आम्हांस मान्य आहे. परंतु खर्जांतून आपोआप उमटणारा गांधार ऐकत ऐकत तार मिळविण्याचें जें शिक्षण कानाला होतें, तें कळ दाबून कसें व्हावें ? 1937 सालीं निवर्तलेले अब्दुल करीम खाँ तंबोरे स्वतः दुरुस्त करीत. आमच्या विद्यार्थ्यांना घोडी कशाला म्हणतात हेंहि ठाऊक नसतें.

आणि मजुरी ! ‘कानस फिरवायचे एवढे पैसे ?’ असें विचारणाऱ्या गृहस्थानें एकदां समोर बसून पाहावें. किंचित् घासावें, तार चढवावी, ऐकावें, पुन्हां उतरवावी; एक हात जास्त फिरला तर पाठीचा उतारच बिघडतो. (घरीं काचकागद घेऊन बसणाऱ्या उत्साही मंडळींनीं हें विशेष ध्यानांत घ्यावें.) ही विद्या मिरजेच्या शिकलगार घराण्यांनीं एकोणिसाव्या शतकापासून जतन केली. 2024 सालीं मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक निर्देशांक मिळाला, तेव्हां आपण सर्वांनींच अभिमान मिरविला. त्याच कारागिरांपैकीं एकाला वर्ध्यास बोलवावें, जाण्यायेण्याचा खर्च दहा घरांनीं वांटून घ्यावा, आणि गायनशाळेच्या ओसरीवर त्याला चार दिवस मुलांदेखत काम करूं द्यावें, एवढा खटाटोप अवघड आहे काय ? तोंपर्यंत निदान तो तंबोरा भंगारवाल्याला देऊं नका.