विमाने पाहावीत कशी?

शाळांच्या सहली निघू लागल्या की कित्येक गाड्या गोव्याकडे वळतात. दोन दिवसांत जुन्या गोव्यातील चर्च, मंगेशीचे देवालय आणि एखाददुसरा समुद्रकिनारा एवढे सर्व पाहून व्हावयाचे असते. त्या धावपळीत वास्कोजवळ, बोगमाळोच्या रस्त्यावर, भारतीय नौदलाचे विमान संग्रहालय लागते. हे संग्रहालय १९९८ साली उघडले. तेथे गाडी थांबते, अर्ध्या तासात परत येण्याची आज्ञा होते, मुले एका विमानाकडून दुसऱ्याकडे धावतात, छायाचित्रे काढली जातात आणि गाडी पुन्हा चालू लागते. विमाने किती पाहिली, हे मग प्रत्येकाला सांगता येते. काय पाहिले, हे मात्र क्वचितच कोणाला सांगता येते. अशी भेट सहलीच्या यादीत नोंदली जाते, पण मुलांच्या पदरात काही पडत नाही.

वस्तुतः यंत्र ही नुसती पाहण्याची वस्तू नव्हे. ती वाचण्याचीही वस्तू आहे. यंत्राचा प्रत्येक भाग म्हणजे कोणत्या ना कोणत्या अडचणीवर माणसाने शोधून काढलेला उपाय असतो. ती अडचण कोणती, हे ज्याने विचारले, त्याच्यापुढे मुके यंत्र बोलू लागते.

या संग्रहालयातील ‘सी हॉक’ या विमानाचेच उदाहरण घ्यावे. त्याचे पंख मध्येच दुमडतात आणि शेपटीकडे खाली एक आकडा असतो. धावत जाणाऱ्या मुलाला या दोन्ही गोष्टी दिसतही नाहीत; जो थांबतो, त्याला त्यांचे नवल वाटते. ही विमाने ‘विक्रांत’ या विमानवाहू जहाजावरून उडत. १९६१ पासून १९९७ पर्यंत नौदलाच्या सेवेत असलेल्या या जहाजाची लांबी सुमारे २१३ मीटर होती. मोठ्या विमानतळाची धावपट्टी दोन-तीन किलोमीटर लांब असते. मग इतक्या आखूड जागेत वेगाने उतरणारे विमान थांबावे कसे? त्यासाठी जहाजाच्या डेकवर आडवे पोलादी दोर ताणलेले असत. विमानाचा आकडा त्यांपैकी एका दोरात अडके आणि विमान पाहता पाहता जागच्या जागी थांबे. पंख दुमडण्याचे कारण याहून साधे आहे: जहाजाच्या पोटातील विमानघर लहान असते आणि त्यात पुष्कळ विमाने ठेवावयाची असतात.

अशी उत्तरे येथे जागोजागी उभी आहेत. १९५३ साली नौदलात आलेल्या ‘सीलँड’ विमानाचा तळ होडीसारखा आहे, कारण त्याला पाण्यावरही उतरावयाचे असे. ‘कामोव्ह’ हेलिकॉप्टरवर दोन पंखे एकावर एक बसविलेले आहेत. वरचा पंखा एका दिशेने फिरू लागला की हेलिकॉप्टरचे धड उलट्या दिशेने फिरू पाहते. ते थोपविण्यासाठी पुष्कळ हेलिकॉप्टरांना लांब शेपटीच्या टोकाशी एक लहान पंखा लावतात. परंतु लांब शेपटी युद्धनौकेवर अडचणीची होते. म्हणून येथे दोन पंखे परस्परांच्या उलट दिशांनी फिरविले आहेत. ‘सुपर कॉन्स्टेलेशन’ या प्रचंड विमानाच्या शेपटीवर एका उंच पंखाऐवजी तीन बुटके पंख आहेत, ते त्या काळच्या विमानघरांच्या दारातून विमान आत जावे म्हणून.

कोणी म्हणेल की, हे सर्व मोठ्यांचे शास्त्र आहे. सहल ही आनंदासाठी असते, तेथे अभ्यास कशाला? पण लहान मुलाचा आनंद ‘का?’ या प्रश्नातच दडलेला असतो. तो प्रश्न विचारावयास वेळ न देणे, हीच खरी शिक्षा होय. त्यासाठी मोठी तयारीही लागत नाही. निघण्यापूर्वी वर्गात एक तास या विषयाला द्यावा. चार-पाच मुलांच्या प्रत्येक गटाने एकच विमान निवडावे. त्याच्यापुढे अर्धा तास बसून त्याचे चित्र काढावे, त्याची लांबी पावलांनी मोजावी आणि तीन प्रश्न लिहून काढावेत. त्यानंतर एका गटाने दुसऱ्याला आपले विमान समजावून सांगावे. एखाद्या प्रश्नाचे उत्तर शिक्षकांनाही ठाऊक नसले, तर त्यात कमीपणा नाही. ते परत आल्यावर सर्वांनी मिळून शोधावे. यासाठी दीड-दोन तास लागतील. तेवढ्यासाठी सहलीतील एखादे ठिकाण गाळावे लागले, तर ते खुशाल गाळावे.

आणखी एका गोष्टीचा विसर पडता कामा नये. ही विमाने खेळणी नव्हेत. ४ डिसेंबर १९७१ रोजी ‘विक्रांत’वरून उडालेल्या सी हॉक विमानांनी कॉक्स बझार येथील विमानतळावर हल्ला चढविला. ज्यांनी ती विमाने चालविली, त्यांच्या शौर्याचा अभिमान अवश्य बाळगावा. पण त्याबरोबरच युद्धात दोन्ही बाजूंची माणसे मरतात, हेही मुलांना कळले पाहिजे. सुपर कॉन्स्टेलेशन विमान प्रथम एअर इंडियाच्या प्रवाशांना देशोदेशी नेत असे. पुढे ते हवाई दलात गेले आणि १९७६ मध्ये नौदलात येऊन समुद्रावर टेहळणी करू लागले. विमान तेच, काम मात्र माणसाने ठरविले. यंत्र कसे चालते, या प्रश्नाच्या जोडीला ते कशासाठी चालवावे, हाही प्रश्न त्यामुळे उभा राहतो.

गोवा सर्व शाळांना जवळ नाही आणि सहलीचा खर्चही सर्वांना झेपत नाही. तथापि पाहण्याची ही रीत गावातही शिकता येते. पिठाची गिरणी, विहिरीवरचा पंप, एसटीच्या आगारात दुरुस्तीला लावलेली गाडी, या प्रत्येकात अडचणी आणि त्यांची उत्तरे भरलेली आहेत. ज्या मुलांनी गिरणीचा पट्टा का फिरतो हे एकदा नीट पाहिले, ती मुले संग्रहालयात गेल्यावर एका विमानापुढेही तासभर रमतील. ज्यांना अशी सवय नाही, त्यांना शंभर विमानेही अपुरी पडतील.