हलवायाच्या घरावर तुळशीपत्र

दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर मुंबईत एक शासकीय विधी यथासांग पार पडतो. दक्षिण मुंबईतल्या अतिधोकादायक इमारतींची यादी दुरुस्ती मंडळ जाहीर करते. भिंतींवर नोटिसा चिकटतात. रहिवासी त्या वाचतात आणि जिना चढून मुकाट घरी जातात, कारण संक्रमण शिबिरात गेलेले शेजारी वीस-वीस, तीस-तीस वर्षे परतले नाहीत हे त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलेले असते. मग पाऊस येतो. कुठला तरी सज्जा, कुठला तरी जिना, कधी सगळीच्या सगळी इमारत खाली बसते. अग्निशमन दल ढिगारा उपसते. मंत्री येतात, मृतांच्या वारसांना मदत आणि वार्ताहरांना चौकशीचे आश्वासन देऊन गाडीत बसतात. पुढच्या वर्षी यादी पुन्हा निघते.

31 ऑगस्ट 2017 रोजी भेंडी बाजारातल्या हुसैनी इमारतीने 33 बळी घेतले. 16 जुलै 2019 रोजी डोंगरीत केसरबाई इमारतीचा भाग कोसळला. तेव्हा पडलेला भाग आमच्या यादीतला नव्हेच, असा खुलासा सरकारी यंत्रणेने विलक्षण तत्परतेने केला. बरोबर एका वर्षाने, त्याच तारखेला, फोर्टातली भानुशाली इमारत कोसळली. प्रत्येक वेळी पावसाला दोष दिला गेला, जुन्या लाकडाला दिला गेला, रहिवाशांच्या हट्टालाही दिला गेला. आम्हाला हे मान्य नाही. ज्या इमारतीची डागडुजी मालकाला परवडू नये, भाडेकरूला करावीशी वाटू नये आणि सरकारने पैसे घेऊनही पुरती करू नये, अशी व्यवस्था ज्या राज्याने कायद्याची कलमे रचून निर्माण केली आणि पिढ्यान्‌पिढ्या जपली, त्या राज्यात इमारत पडणे हा अपघात नव्हे. ती त्या कायद्याची अंमलबजावणी आहे.

पहिल्या महायुद्धाने मुंबईत घरांचा दुष्काळ पाडला तेव्हा, 1918 साली, भाड्यावर पहिले नियंत्रण आले. दुसऱ्या महायुद्धानंतर 1947 चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला आणि त्याने जुन्या घरांचे भाडे 1 सप्टेंबर 1940 या तारखेला खिळवून टाकले. गिरणीत राबणाऱ्या आणि फाळणीने देशोधडीला लावलेल्या माणसाला मालकाच्या हावेपासून वाचवणे हे त्या वेळच्या सरकारचे कर्तव्यच होते. ते त्याने बजावले याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार पुढची आहे. तात्पुरता म्हणून आणलेला हा कायदा मुदतवाढीमागून मुदतवाढ घेत अर्धशतक जगला. त्या अर्धशतकात धान्य महागले, कापड महागले, सिमेंट महागले, आमदारांचे वेतनही यथाकाल वाढले. गिरगावातल्या खोलीचे भाडे तेवढे जिथल्या तिथे राहिले. डिसेंबर 1997 मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, प्रमाण भाड्याच्या या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी ठरल्या आहेत, असे बजावले, तेव्हा कुठे शासनाची झोप चाळवली. जागे होऊन शासनाने काय केले? 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आणला. सुरुवातीला 5 टक्के आणि मग दर साल 4 टक्के वाढीचे औदार्य दाखवले. 2000 साली 50 रुपये भाडे असलेल्या खोलीचे या औदार्याने पंचवीस वर्षांत सुमारे 140 रुपये झाले. एवढ्यात गवंडी अर्धा दिवसही कामावर उभा राहत नाही. बँका, बहुराष्ट्रीय व्यवसाय आणि 1 कोटी वा त्याहून अधिक भरणा भांडवलाच्या कंपन्या यांचे संरक्षण या कायद्याने काढून घेतले, एवढे एक शहाणपण त्यात होते. काळबादेवीच्या पेढीवर बसून लाखोंची उलाढाल करणारा व्यापारी मात्र ‘गरीब भाडेकरू’च राहिला.

गरिबाला परवडणारा निवारा देणे हे राज्याचे काम आहे, आणि ज्याचे काम त्याच्या तिजोरीतून ते व्हावे, हे शेंबडे पोरही सांगेल. इथल्या शासनाने मात्र पंचाहत्तर वर्षांहून अधिक काळ हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवले. घर दुसऱ्याचे, जमीन दुसऱ्याची, दुरुस्तीचा खर्च दुसऱ्याचा आणि दानाचे पुण्य आपले. शिवाय त्या पुण्याची मते करून निवडणुकांमागून निवडणुका लढवायच्या! मालक मूठभर आणि भाडेकरू लाखांत, एवढे गणित ज्याला येते तो प्रत्येक पक्ष या पापाचा भागीदार आहे. सत्ताधारी बदलले. तुळशीपत्र तेच राहिले.

आणि हे दान तरी धड आहे काय? भाड्यातून दुरुस्ती होणार नाही हे उमगल्यावर शासनाने 1969 साली दुरुस्ती मंडळाचा कायदा केला, उपकर बसवला आणि शहरातल्या 19,642 इमारती त्याखाली आणल्या. उपकर नेमाने वसूल होतो. इमारती मात्र बल्ल्यांच्या टेकूंवर उभ्या आहेत, आणि त्या टेकूंखालून ये-जा करत मुलांची लहानपणे सरली आहेत. त्यांतल्या सुमारे 13 हजार इमारती अजून पुनर्विकासाची वाट पाहत आहेत. 1986 साली याहून मोठा पराक्रम झाला: 70 टक्के रहिवाशांनी मागणी केली तर सरकारने इमारत संपादन करावी आणि मालकाला महिन्याच्या भाड्याच्या शंभरपट रक्कम द्यावी, अशी तरतूद झाली. आधी भाडे कायद्याने गोठवायचे, मग त्या गोठवलेल्या भाड्यावर किंमत ठरवायची! महिन्याला 2 हजार रुपये भाडे येणारी आख्खी चाळ, जमिनीसकट, 2 लाखांत. या तरतुदीला दिलेल्या आव्हानातून निघालेला प्रश्न नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठापर्यंत गेला, आणि प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती ठरत नाही, हे उत्तर मिळायला 5 नोव्हेंबर 2024 हा दिवस उजाडावा लागला. दावा दाखल करणारे मालक तरुण असतील तर आता म्हातारे झाले, आणि म्हातारे असतील तर त्यांची नातवंडे निकालपत्र वाचत आहेत.

मात्र या मालकांसाठी आमच्या डोळ्यांत पाणी येईल असे कोणी समजू नये. भाडे पोचते केले तरी पावती द्यायची नाही, दिलेले भाडे नाकारून भाडेकरूला थकबाकीदार ठरवायचे, गळक्या छपराकडे बुद्ध्या पाठ फिरवायची आणि इमारत आपोआप पडली की भूखंड मोकळा होईल याची वाट पाहत बसायचे, हा त्यांच्यातल्या कित्येकांचा धंदा आहे. माणसे आत झोपलेली असतात याचे भान त्यांना असते आणि तरी ते थांबलेले असतात. कायद्याने भाडे रोखले तेव्हा त्यांनी पागडीचा चोरदरवाजा उघडला. खोली हातपालट झाली की मालकाने आपला वाटा रोख मोजून घ्यायचा ही रीत इतकी मुरली की 1999 च्या कायद्याने पागडीलाच मान्यता देऊन टाकली. चोरी थांबवता येईना, म्हणून ती कायदेशीर केली.

भाडेकरूंचेही ऐका. ज्या विधवेच्या, ज्या हमालाच्या, ज्या सेवानिवृत्त गिरणी कामगाराच्या नावाने हा कायदा जिवंत ठेवला जातो, ती माणसे खरी आहेत आणि त्यांच्या डोक्यावरचे छप्पर काढा असे म्हणणाऱ्याला आम्ही शत्रू मानू. पण त्यांच्या आडोशाने कोण उभे आहे? बोरिवलीला दोन फ्लॅट घेऊन गिरगावची खोली कुलुपात ठेवणारा सद्‌गृहस्थ; मुलगा न्यू जर्सीत असताना चाळीतल्या खोलीवरचा वारसाहक्क जपणारे माता-पिता; दीडशे रुपयांनी घेतलेली जागा तिसऱ्यालाच हजारोंनी देऊन मिटक्या मारणारा पोटभाडेकरूंचा धनी. पुण्याच्या पेठांत याहून वेगळे काही नाही. मालक आणि भाडेकरू एकमेकांवर दावे लावून बसतात आणि वाड्याच्या भिंतीतून पिंपळ वर येतो. हे सारे सज्जन मोर्च्यात मात्र विधवेला पुढे करतात.

हा जुन्या मुंबई-पुण्याचा कज्जा, आमचा त्याच्याशी काय संबंध, असे वाकडला किंवा डोंबिवलीला दुसरा फ्लॅट घेतलेल्या वाचकाने म्हणू नये. 1973 सालची एक दुरुस्ती त्याने आपल्या वडिलांना विचारावी. त्या वर्षी 1 फेब्रुवारीला जो परवानाधारक म्हणून घरात राहत होता, त्याला कायद्याने भाडेकरूचे संरक्षण दिले. ज्यांनी ठरावीक मुदतीसाठी विश्वासाने किल्ली दिली होती, त्यांना आपलेच घर परत मिळेनासे झाले. कायदे पुढे बदलले. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपली की सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते, जागा न सोडणाऱ्याकडून दुप्पट शुल्क घेता येते, हे सगळे आज कागदावर आहे. पण विश्वास कागदावर परत येत नाही. करार नोंदवला नाही तर भाडेकरूचेच म्हणणे खरे धरले जाते आणि मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, हे कळते तेव्हा तो आणखी धास्तावतो. बँकेचा हप्ता, मालमत्ता कर, सोसायटीचे बिगरभोगवटा शुल्क, एजंटाचे कमिशन, पोलिसांना द्यायची माहिती, बाथरूमची गळती आणि वरच्या मजल्यावरच्या माणसाशी त्या गळतीवरून होणारे भांडण, एवढे सोसून वर्षाकाठी घराच्या किमतीवर हाती पडतात शेकडा दोन-तीन रुपये. मुदत ठेवीचे व्याज याहून जास्त येते, आणि मुदत ठेव रात्री अकराला फोन करून नळ गळतो म्हणून सांगत नाही. मग तो शहाणा मध्यमवर्गीय काय करतो? घराला कुलूप लावतो.

2011 च्या जनगणनेत देशाच्या शहरांत 1 कोटी 10 लाखांहून अधिक घरे रिकामी आढळली. त्यानंतरच्याच वर्षी सरकारच्या तांत्रिक गटाने शहरांतली घरांची तूट सुमारे 1 कोटी 88 लाख सांगितली. इकडे कुलूप, तिकडे झोपडी. आणि दोहोंच्या मध्ये परस्परांवरचा अविश्वास सरकारी खर्चाने जोपासलेला! केंद्रीय मंत्रिमंडळाने 2 जून 2021 रोजी आदर्श भाडेकरार कायद्याला मान्यता दिली: घरासाठी दोन महिन्यांहून अधिक अनामत नाही, मुदतीनंतर जागा अडवणाऱ्याला आधी दुप्पट आणि मग चौपट भाडे, तंट्यांसाठी स्वतंत्र न्यायपीठे. तो स्वीकारणे राज्यांच्या मर्जीवर सोडले. महाराष्ट्राच्या मर्जीला मतांचा हिशेब सुटला नाही.

याच मध्यमवर्गीय गुंतवणूकदाराला जाता जाता दोन शब्द सुनावणे आम्हाला भाग आहे. कायदा आपल्यावर अन्याय करतो म्हणून गळा काढणारा हा गृहस्थ भाडेकरू निवडताना आडनाव विचारतो, मांस-मच्छी खाता का विचारतो, एकट्या मुलीला दारातून परत पाठवतो आणि मुसलमान नाव ऐकताच ‘जागा आताच गेली’ म्हणतो. शिवाय भाडेकरू घर सोडताना भिंतीच्या खिळ्यांचा हिशेब करून अनामत गिळतो. याला न्याय हवा आहे म्हणे! न्याय मागणाऱ्याचे हात आधी स्वच्छ असावेत.

आणि न्याय मागायचा तरी कुठे? मुंबईत मालक-भाडेकरूचा दावा धोबी तलावाच्या लघुवाद न्यायालयात सुरू होतो, तिथल्याच अपील पीठापुढे जातो, मग उच्च न्यायालयात, मग दिल्लीला. वादी मरतो, वारस दाखल होतात. प्रतिवादी मरतो, वारस दाखल होतात. वकिलाच्या कार्यालयातही मुलगा येऊन बसतो. या विलंबाचा फायदा ज्याच्याकडे पैसा आणि सवड आहे त्यालाच मिळतो, मग तो मालक असो की भाडेकरू. जिच्याकडे दोन्ही नाही, ती विधवा टेकूखाली झोपते.

शासनाने काय करावे हे त्याला कळत नाही असे नाही. ज्याला ऐपत नाही त्याच्या भाड्यातला फरक शासनाने आपल्या तिजोरीतून भरावा. ज्याला ऐपत आहे, ज्याचे दुसरे घर आहे, जो त्या जागेत व्यापार करतो, त्याने टप्प्याटप्प्याने बाजारभावाकडे यावे. वाढीव भाड्यातला वाटा दुरुस्तीच्या स्वतंत्र खात्यात सक्तीने जावा आणि तरीही इमारत सडवणाऱ्या मालकावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा नोंदला जावा. दाव्याचा निकाल वर्षात लागावा. यातली एकही गोष्ट अशक्य नाही. ती अप्रिय आहे, आणि अप्रिय गोष्ट करायला लागणारे धैर्य या राज्यात एकाही पक्षाने आजवर दाखवलेले नाही.

वाचकहो, तुमच्यात मालक आहेत आणि भाडेकरूही आहेत. पुढच्या निवडणुकीत जो उमेदवार तुमच्याकडे मत मागायला येईल, त्याला एवढेच विचारा: गरिबाला घर देण्याचे पैसे तू कुणाच्या खिशातून काढणार? स्पष्ट उत्तर मिळेपर्यंत त्याला उंबरा ओलांडू देऊ नका.